‘उन्हाळी लागली’ म्हणजे ऊन लागलं नव्हे! दुभाष्यांना दोन दुपारींत काय शिकवू?

रामबागेतली

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी इंदूरची. पणजोबा होळकरांच्या दप्तरात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. म्हणजे आमच्या घरातली मराठी चार पिढ्या इंदुरी पाणी प्यायलेली. आम्ही ‘मी जाऊन राहिले’ म्हणतो, भाजीवाल्याला ‘भिया’ म्हणतो, आणि तरी आपलं मराठी शाबूत आहे अशा तोऱ्यात असतो. तो तोरा या मे महिन्यात उतरला.

एका धर्मादाय हॉस्पिटलात भरतीच्या काउंटरवर मी १७ वर्षं बसते. आमच्याकडे निम्मे पेशंट शहराबाहेरचे. गंगवाल बसस्टँडवर उतरून धार, झाबुआ, अलीराजपूरचे येतात, एबी रोडने सेंधवा-बडवानीचे, शिवाय खंडवा-बुऱ्हाणपूरचे. कागदोपत्री सगळे हिंदीभाषक. पण बडवानीच्या बाईला बाजारापुरतं हिंदी येतं. ‘कितने का’, ‘कम करो’, इथवर. पोटात काय होतंय हे सांगायचं तर बारेली लागते. अलीराजपूरवाल्याला भिलाली, झाबुआच्या माणसाला भिली, खरगोनकडच्याला निमाडी. आणि बुऱ्हाणपूरच्या बाजूने आलेल्या म्हाताऱ्या माणसांना मराठी. अशा वेळी ओपीडीतून फोन येतो, “मराठीवाली मॅडम को भेजो.” ती मी.

तर मेमध्ये सत्तरीच्या एक आजी आल्या. बरोबर नातू, त्याचं डोकं मोबाइलमध्ये. आजी मला म्हणाल्या, “बाई, चार दिस झाले, उन्हाळी लागली.” मी वळून डॉक्टरांना सांगून मोकळी झाले, “सर, गर्मी लग गई है, चार दिन से.” बाहेर ४३ डिग्री. कुणाला कशाला शंका येईल? त्यांनी नाडी बघितली, बीपी बघितलं, जीभ बघितली, ओआरएसची पाकिटं लिहून दिली. आजी ओटीपोटावर हात ठेवून अजून काहीतरी सांगत होत्या. मी म्हटलं, “हो आजी, पाणी भरपूर प्या.”

चौथ्या दिवशी त्या हुडहुडी भरून ताप घेऊन परत आल्या. लघवीतला जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला. नऊ दिवस ॲडमिट. भरतीचा फॉर्म मीच भरला.

त्या रात्री घरी सांगितलं तर सासूबाई (माहेर अमळनेरचं) भाकरी थापता थापता थांबल्या. “अगं, उन्हाळी लागणं म्हणजे लघवीला जळजळ होणं. थेंब थेंब होणं. एवढं ठाऊक नाही होय तुला?”

नव्हतं ठाऊक. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. शब्द अडला असं मला क्षणभरही वाटलं नाही. उन्हाळा ठाऊक होता, बाकीचं मी माझं मीच लावून घेतलं.

सुपरिंटेंडेंट सरांना जाऊन स्वतःच सांगितलं. वाटलं होतं बोलणी खावी लागतील. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “ट्रेनिंग करवा दो. दो दोपहर, दो से पाँच.” म्हणजे एकूण सहा तास, आणि शिकवणार कोण, तर मी! आठ जण आहोत. साफसफाईच्या दोन मावशी (एक बारेली, एक भिलाली), झाबुआचा वॉर्डबॉय, कँटीनमधल्या निमाडी ताई, फार्मसीतला बुऱ्हाणपूरचा मुलगा, केरळच्या एक सिस्टर (केरळातून नव्या येणाऱ्या मुलींसाठी), भाऊ कर्णबधिर असलेल्या एक सिस्टर, आणि मी.

सध्या चालतं कसं तेही सांगते. वॉर्डात हाक पडते, “कोई बारेला है क्या?” मावशी पोछा टाकून येतात, दाराला टेकून उभ्या राहतात (डॉक्टरांपुढे त्या बसत नाहीत), गाठ कॅन्सरची आहे हे त्या बाईला सांगतात, आणि परत पोछ्याला जातात. त्या वेळेचे वेगळे पैसे नाहीत. उलट फरशी ओली राहिली म्हणून बोलणी बसतात.

सहा तासांत काय शिकवू? शब्दांची यादी करावी का? आणि यांना पैसे मिळावेत म्हणून वर काय सांगू?

---

पांढरा_कोट

ताई, आधी हे सांगतो की चूक एकट्या तुमची नाही. ओटीपोटावर हात ठेवलेला त्या डॉक्टरनेही पाहिला असणार. हात बघायला दुभाषी लागत नाही.

मी इंदूरलाच शिकलो, आता नाशिकला असतो. इंटर्नशिपमधली गोष्ट. बुऱ्हाणपूरचा एक पेशंट म्हणाला, “जुलाब होताहेत.” माझ्या हिंदीभाषक जोडीदाराने विचारलं, “जुलाब क्यों लिया?” मराठीत जुलाब म्हणजे हगवण, हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ व्हायचं औषध. पाच मिनिटं दोघं एकमेकांवर चिडत होते. हसू येतं, पण केस पेपरवर ‘रेचक घेतले’ असं लिहून झालं होतं. तसंच ‘छातीत कळ येते’. हिंदी कानाला ते ‘कल’ ऐकू येतं, की मग प्रश्न सुरू, कल आया था कि कल आएगा? ‘पायाला मुंग्या येतात’ याचं शब्दशः हिंदी केलं तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावं लागेल, आणि मधुमेहाच्या माणसाची नस सुन्न होतेय ते राहूनच जाईल. ‘तिला दिवस गेलेत’चं हिंदी करून बघा. ‘अंगावरून जातंय’चंही.

लांबची भाषा असली की माणूस विचारतो. शेजारची असली की अंदाज बांधतो. मराठी-हिंदीत धोका आहे तो इथे.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. १९८० साली अमेरिकेत फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं. घरचे स्पॅनिशमध्ये ‘इंतोक्सिकादो’ म्हणाले. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ काहीतरी खाण्यापिण्यातून बाधलंय. ऐकणाऱ्यांनी इंग्रजीतला ‘इंटॉक्सिकेटेड’ ऐकला आणि नशेचा ओव्हरडोस म्हणून उपचार केले. होता मेंदूतला रक्तस्राव. मुलाचे दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. दुभाषी बोलावलाच नव्हता, कारण शब्द सगळ्यांना कळला होता.

शिकवण्याचं म्हणाल तर माझ्याकडून एकच. पेशंटला ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. गोळ्यांची पट्टी हातात द्या आणि ‘घरी गेल्यावर कशी घेणार ते मला सांगा’ म्हणा. आणि तिसरी दुपार मागून घ्या, डॉक्टरांसाठी. आम्ही पेशंटशी बोलायच्या ऐवजी मावशींशी बोलतो. “इनको पूछो कब से है.” इनको कशाला? समोरच्याकडे बघून विचारा ना, “कब से है?”

---

सुरसागरकाठचा

ताई, मी वडोद्याचा. जिल्हा न्यायालयात ३३ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. आमच्याकडे छोटाउदेपूरच्या बाजूचे राठवा साक्षीदार यायचे. कोर्टाची भाषा गुजराती, साक्षीदाराची राठवी, आणि आम्ही घरी मराठी बोलणारे मधल्यामध्ये.

एक प्रसंग अजून डोळ्यापुढे आहे. वकिलाने साक्षीदार बाईला विचारलं, त्या रात्री तू त्याला ओळखलंस का? दुभाष्याने तिला विचारलं. बाई बोलायला लागली. हातवारे, डोळ्यांत पाणी, चांगली दोनेक मिनिटं बोलली. दुभाषी न्यायाधीश साहेबांकडे वळून म्हणाला, “ना पाडे छे, साहेब.” नाही म्हणते. साहेबांनी चष्मा काढला. “भाई, नाही म्हणायला तिला दोन मिनिटं लागली?” परत विचारायला लावलं. निघालं असं की तोंड दिसलं नव्हतं, पण खोकला ओळखीचा होता. त्या खोकल्यावर पुढे सगळा खटला फिरला.

तो दुभाषी वाईट माणूस नव्हता. साहेबांचा वेळ वाचवत होता बिचारा.

म्हणून पहिला नियम : गाळायचं नाही, घालायचं नाही, गोळाबेरीज करायची नाही. दुसरा : ‘ती म्हणते की तिला दुखतं’ असं नाही, ‘मला दुखतं’ असंच बोलायचं. एकदा ‘ती म्हणते’ सुरू झालं की दुभाषी आपल्या पदरचं घालायला मोकळा होतो.

तिसरं, शपथ. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे साक्षीदारासारखी दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते, की विचारलेले प्रश्न आणि दिलेली साक्ष मी नीट आणि खरेपणाने समजावून सांगीन. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २७९ होतं : आरोपीला न कळणाऱ्या भाषेत पुरावा नोंदला जात असेल तर खुल्या कोर्टात त्याला कळेल अशा भाषेत तो सांगायचा. कलम २८२ प्रमाणे दुभाष्याने खरा अर्थच सांगायचा. आता नवी संहिता आली, आकडे बदलले, मतलब तोच. तुमच्या आठ जणांकडून साधी का होईना, एक शपथ म्हणवून घ्या. उभं राहून, मोठ्याने. माणूस बदलतो, मी पाहिलंय.

पैशाचं. वर सांगायला एक दाखला देतो. पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या २०१२ च्या कायद्यात, मुलाला भाषा कळत नसेल तर दुभाषी द्यायचा आणि त्याला फी द्यायची असं सरळ लिहिलंय. त्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण युनिटने दुभाष्यांची नोंदवही ठेवायची असते. आणि पात्रता काय? राज्याच्या भाषेबरोबर मुलाची भाषा कामापुरती यायला हवी. मग ती मातृभाषा असो, किमान प्राथमिक शाळेचं माध्यम असो, किंवा धंद्या-नोकरीमुळे, त्या भागात राहिल्यामुळे आलेली असो. पदवी मागितलेली नाही. तुमच्या मावशी त्या नियमात बसतात. कायदा ज्या कामाला फी देतो ते हॉस्पिटलात पोछ्यात धरून का घ्यायचं, असं विचारा तुमच्या साहेबांना.

(जाता जाता : आमच्या सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला होता, १९३१ साली छापला. वडोदेकराने महाराजांचं नाव घेतल्याशिवाय प्रतिसाद संपवायचा नसतो.)

---

बटणदाबू

एवढा खटाटोप कशाला? फोनमध्ये सगळं आहे. जनजाती मंत्रालयाचं ‘आदि वाणी’ ॲप २०२५ मध्ये आलंय, त्यात भिली आहे. संथाली, मुंडारी, गोंडीपण. मावशींना पोछा मारू दे.

---

रामबागेतली

बटणदाबू, ॲप मी उतरवून घेतलंय, काही वाकडं नाही माझं त्याच्याशी. एक्स-रे कुठे, पैसे कुठे भरायचे, उपाशीपोटी या, यासाठी फोन घेईन की हातात. पण आमच्या बायका पदर तोंडावर घेऊन, खाली बघत, अर्धं वाक्य बोलतात आणि उरलेलं अर्धं मावशीने ओळखायचं असतं. आणि बाळाचे ठोके लागत नाहीत हे कुणाला मी फोनच्या आवाजात ऐकवणार नाही. मुळात शब्द विचारायला कुणीतरी लागतं. फोन असता तर त्यानेही ‘गर्मी लग गई’च सांगितलं असतं कदाचित, माझ्यासारखंच.

---

सातपुड्यापलीकडचा

शहाद्याहून. प्राथमिक शिक्षक. आमच्या वर्गातली पावरी आणि तुमची बारेली सख्ख्या बहिणी, मध्ये फक्त सातपुडा. २०११ च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा बोलणारे एक कोटीच्या वर भरले, तरी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत तिचं नाव नाही. संस्कृत आहे, पंचवीस हजाराच्या आत बोलणारे असून. असो, हे सांगत बसलो तर रात्र होईल.

यादी जरूर करा, पण तुम्ही करून मावशींना देऊ नका. त्यांनी सांगायची, तुम्ही लिहायची. मी पहिल्या वर्षी पुस्तकातून शरीराच्या अवयवांचे शब्द पाठ करून गेलो होतो, पोरं हसून लोळली. माणसाचं चित्र भिंतीला लावा आणि एकेका जागी बोट ठेवून ‘इथे काय काय होतं?’ विचारा. देवनागरीत लिहिता येतं सगळं.

---

यारा_नदीकाठी

मी मेलबर्नहून वाचतेय, माहेर तुमच्याच इंदूरचं, म्हणून राहवलं नाही. इथे १९७३ पासून सरकारी फोन-दुभाषी सेवा आहे, आणि दुभाष्यांना प्रमाणपत्र देणारी संस्था १९७७ पासून.

आई आली होती तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला म्हणाल्या, “तुम्ही आज मुलगी आहात, दुभाषी नाही,” आणि मराठी दुभाष्या बाई फोनवर घेतल्या. मला रागच आला, खोटं कशाला बोलू? मग फोनवरच्या त्या अनोळखी बाईंना आईने सांगितलं की दोन वर्षं तिला शिंकलं, हसलं की कपड्यात लघवी होते. दोन वर्षं! रोज बोलतो आम्ही व्हिडिओवर. तिने लग्नाला यायचं का टाळलं होतं ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

---

हातवारे_नव्हेत

ताई, वरच्या प्रतिसादावर थांबले होते, लिहू की नको.

मी भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी, इंदूरातच काम करते. पण मी दुभाषी झाले ती डिप्लोमा घेऊन नाही. माझे आईबाबा दोघेही कर्णबधिर, मी ऐकणारी. दहा वर्षांची होते. बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर माझ्या उंचीला वाकले आणि म्हणाले, “बेटा, मम्मी को बोलो, पापा का लिवर खराब हो गया है, ज़्यादा टाइम नहीं है.” मी आईकडे वळले. ती माझ्या हातांकडे बघत होती. मी हातांनी सांगितलं, बाबा बरे होतील, थोडा वेळ लागेल.

आईला खरं कळलं तेव्हा तीन आठवडे उरले होते. तिने मला त्यावरून कधी काही म्हटलं नाही.

म्हणून तुमच्या प्रशिक्षणात मोठ्या अक्षरात लिहा, मुलांकडून काम करवून घ्यायचं नाही. नातू हुशार असला, हिंदी फाडफाड बोलत असला, तरी नाही. नवऱ्याकडून, सासूकडूनही नाही. पत्ता विचारायचा असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या त्या सिस्टरबद्दल. भाऊ कर्णबधिर आहे म्हणून तिला येते ती बहुतेक घरची खूण-भाषा असेल. ती त्या भावाशी चालते, दुसऱ्याशी चालेलच असं नाही. सांकेतिक भाषा म्हणजे हाताने बोललेलं हिंदी नव्हे, तिचं व्याकरण वेगळं. म्हणून ‘कागदावर लिहून दाखवा’ हा उपाय पुष्कळांना लागू पडत नाही, हिंदी ही त्यांची दुसरी भाषा. दिल्लीला २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र झालं, तिथे दुभाष्यांचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्यांचा १०,००० शब्दांचा कोशही आहे, व्हिडिओत. सिस्टरला तो रोज दहा मिनिटं बघू दे, आणि गंभीर बोलणं असेल तेव्हा शिकलेला दुभाषी बोलवा. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयात एका कर्णबधिर वकील बाईंनी सांकेतिक दुभाष्याच्या साथीने काम चालवलं, तर ओपीडीत का नाही?

आणि अर्ध्या तासापुढे एकट्याकडून काम घेऊ नका. मोठ्या सभांत दुभाषी वीस-तीस मिनिटांनी बदलतात, डोकं थकतं. थकलेलं डोकं आधी आकडे चुकतं, आणि गोळ्या आकड्यांत असतात.

---

रामबागेतली

झालं एकदाचं प्रशिक्षण. उशिरा लिहितेय, क्षमस्व. सगळ्यांचे आभार मानत बसत नाही, काय झालं ते सांगते.

पहिल्या दुपारी नियमांनी सुरुवातच केली नाही. उन्हाळीची गोष्ट सांगितली, नाव-गाव न घेता, चूक माझी म्हणूनच. मग कानगोष्टींचा खेळ घेतला. पहिल्याच्या कानात सांगितलं : जेवणानंतर अर्धी गोळी, दिवसातून दोनदा, पाच दिवस; अंगावर चट्टे उठले तर बंद करून लगेच यायचं. मधे भाषा बदलत बदलत पाचव्या माणसाकडे गेलं तेव्हा ‘अर्धं जेवायचं, दोन गोळ्या घ्यायच्या, पाचव्या दिवशी यायचं’ झालं होतं. चट्टे वाटेतच गळाले. फार्मसीचा मुलगा एवढा हसला, आणि मग एकदम गप्प झाला. रोज खिडकीतून तो हेच सांगतो ना.

‘मला दुखतं’ असं बोलणं सगळ्यात अवघड गेलं. काका, कोर्टात हा प्रश्न कसा सोडवता माहीत नाही, पण आपल्या भाषांत क्रियापदालाच बाई-पुरुष लागलेला. पेशंट पुरुष, महुआच्या झाडावरून पडलेला. बारेली मावशी म्हणाल्या, “मैं बाई, ‘मैं गिर गया’ कैसे बोलूँ? सब हँसेंगे.” हसलेच सगळे. मग वॉर्डबॉयला बाळंतिणीचं बोलायला लावलं. तो लाल होऊन “मेरे को… पानी जा रहा है” म्हणाला, की मावशींची भीड गेली. दुसऱ्या दिवशी त्या ठणकावून म्हणत होत्या, “मैं पेड़ से गिरा, पाँव सुन्न है.” सुरुवातीला पेशंटला आणि डॉक्टरला दोघांनाही सांगायचं ठरवलं, की आता मी यांच्या आवाजात बोलेन. म्हणजे कुणी दचकत नाही.

मग थांबवायचा सराव. वाक्य एकच : “रुकिए सर, यह शब्द नहीं समझी, पूछके बताती हूँ.” एका तरुण डॉक्टरला मुद्दाम भराभर बोलायला बसवलं. भिलाली मावशी बावीस वर्षं या हॉस्पिटलात आहेत, डॉक्टरला ‘रुकिए’ म्हणणं त्यांच्या तोंडून निघेना. हात वर करायच्या आणि खाली घ्यायच्या. मीच थकले मोजून, अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी तोंडातून निघालं ते ‘रुकिए’ नाही, “रुको!” तो डॉक्टर खरंच दचकून थांबला. मग टाळ्या. डॉक्टरनेही वाजवल्या.

शहाद्याच्या गुरुजींचं चित्र लावलं. बारेली-भिलालीचं पान भरभर भरलं. माझंच मराठीचं पान रिकामं राहायला लागलं, कारण मला आठवेना. सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी ठणका, चमक, उसण, सणक, ठुसठुस, रग, कणकण असं धाड-धाड सांगितलं. पलीकडे हिंदीच्या रकान्यात मी आणि फार्मसीच्या मुलाने काय लिहिलं होतं? दर्द, दर्द, दर्द, दर्द. मग निमाडी ताईंनी टीस, चिलक, मरोड़ अशी थोडीफार भर घातली. उसणीला अजून काही मिळालेलं नाही, ‘पीठ पकड़ ली’वर भागवतोय.

वाईट बातमीसाठी अर्धा तास ठेवला होता. झाबुआचा वॉर्डबॉय, २४ वर्षांचा, म्हणाला की गेल्या वर्षी एका बापाला मूल गेल्याचं त्याने लिफ्टमध्ये सांगितलं. डॉक्टर घाईत होते, म्हणाले जाता जाता सांग. तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत त्याला शब्द मिळाले नाहीत, दार उघडल्यावर बाहेरच्या गर्दीत सांगितलं. त्यानंतर त्या अर्ध्या तासात शिकवण्यासारखं काही उरलं नाही. चहा आला, प्यायलो. एवढंच ठरलं, की बातमी डॉक्टर बसून सांगणार, आणि त्यानंतर दुभाष्याला पंधरा मिनिटं कुणी हाक मारायची नाही.

शपथ घेतली, काका. उभं राहून. प्रत्येकाने आपापल्या भाषेत.

पैसे. पॉक्सोचा दाखला चालला बरं का! सर म्हणाले, बरोबर आहे. अकाउंट्सवाले म्हणाले, दुभाष्याच्या कामाला ‘हेड’च नाही. दोन आठवडे कागद फिरला आणि तोडगा निघाला : दर बोलावण्याला ३० रुपये, स्थानिक प्रवासखर्चात टाकायचे. आता मावशी पोछ्यापासून ओपीडीपर्यंत चाळीस पावलं ‘प्रवास’ करून जातात आणि व्हाउचरवर अंगठा देतात. ३० हे काहीच नाही, मला माहीत आहे, भांडण चालू आहे. दोन स्टुलं मात्र मिळाली. मागे पेंटरने ‘दुभाषिया’ लिहून दिलंय. पहिले काही दिवस मावशी स्टुलाच्या कडेवर टेकायच्या, आता नीट बसतात. डॉक्टरांची तिसरी दुपार मंजूर झाली, तारीख मिळालेली नाही.

---

पांढरा_कोट

व्हाउचर फ्रेम करून ठेवा. आजींचं पुढे काय झालं?

---

रामबागेतली

बऱ्या आहेत. तपासणीला परवा आल्या होत्या, केळी घेऊन, बुऱ्हाणपूरचं माणूस रिकाम्या हाताने कसं येईल? मी सांगितलं त्यांना, की आजी, चूक माझी होती, तुमचा शब्द मला कळला नव्हता. त्या म्हणाल्या, “तूच ना ती, पाणी पी म्हणणारी? प्यायले ना मी. लघवीला आग होत होती तरी प्यायले.”

मग मी वही काढली. उसण आणि चमक यात फरक काय ते सासूबाईंनी फोनवर सांगितलं होतं पण मला नीट लागलं नव्हतं, ते विचारलं. आजी काउंटरसमोर उठून उभ्या राहिल्या, मागे लाइन, नातवाला पिशवी धरायला दिली, कंबरेवर हात ठेवला आणि आधी एक करून दाखवलं, मग दुसरं.